भरतीची वेळ, अमळनेर

रत्नागिरीहून थर्माकोलच्या खोक्यात
ओल्या गोणपाटात गुंडाळलेले
बत्तीस शिनाणे आले, मार्च संपता संपता.
रात्रभर एसटी, मग दुसरी एसटी, मग माझी सायकल.
शमीम मॅडम फोनवर म्हणाल्या, हिलाल, सावलीतून आण.
बोरीच्या पुलावर सावली कुठली?
अंगातला सदरा काढून खोक्यावर टाकला.

समुद्र मी पाहिलेला नाही.
बनवतो मात्र रोज.
लिटरला पस्तीस ग्रॅम, काट्यावर तोलून,
बादलीत काठीने ढवळून,
जिभेच्या टोकाला लावून.
मॅडम रागावतात. त्यांच्याकडे यंत्र आहे.

झाडायला आलेली सुपडाबाई वाकून बघते:
जित्ता शेतस का ह्या?
जित्ते आहेत, बाई.
हिरव्या कडेतून झालरीसारखं काही बाहेर येतं,
पाणी आत ओढतं, गाळतं, सोडतं.
सकाळी गढूळ असलेली टाकी
दुपारपर्यंत अशी नितळते
की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं.

पाय म्हणतात ती एक जीभ आहे.
ती बाहेर येते, काचेला टेकते,
जरा थांबते आणि एक धागा ठेवून जाते.
पुन्हा येते. दुसरा धागा.
लाट नाही, वारा नाही, कोणी ओढत नाही,
तरी बांधून घेतात स्वतःला.
एकाने तर हिटरच्या नळीलाच बांधून घेतलं.
त्याला काय ठाऊक.

शिंपल्यांवर तारा चिकटवल्या आहेत.
उघडलं की कागदावर रेघ वर जाते,
मिटलं की खाली.
पहिल्या आठवड्यात मॅडमनी रेघा पसरल्या,
शेजारी रत्नागिरीच्या भरतीचं कोष्टक ठेवलं
आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.
आज जेव्हा उघडले, उद्या त्याच्या पाऊण-एक तास पुढे,
परवा आणखी पुढे.
चंद्राचा हिशेब घेऊन आले होते ते,
अमळनेरच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथून दिसतात फक्त गिरणीची चिमणी
आणि केळीचे ट्रक.

मग प्रयोग. रोज एक अंश.
अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.
बाहेर चव्वेचाळीस, त्याचा प्रयोग कोण करतं ठाऊक नाही.
एकतीसला रेघा खाली बसू लागल्या.
मॅडम समजावतात: मिटल्यावर काळीज हळू चालतं,
आतल्या घोटभर पाण्यावर भागवतात,
शरीरात जे मोडतं ते सरळ करायला
वेगळी प्रथिनं कामाला लागतात,
आणि त्या कामालाही खाणं लागतं.
म्हणून नुसतं मिटून फार दिवस निघत नाहीत.

मला हे नवीन वाटलं नाही.
बारा ते चार आमची अख्खी गल्ली मिटलेली असते.
दाराला ओलं गोणपाट, माठावर ओलं फडकं,
बोलणं कमी, हालणं त्याहून कमी.
घोटभर गारव्यावर चार वाजवायचे.

तेहतीसला हिटरवाला उघडाच राहिला.
मिटायचं म्हणून बोटाने टोचलं.
रेघ हलली नाही.
त्याचे धागे मी ब्लेडने कापले, मोजून, अकरा.
धागे मेले नव्हते, एवढंच सांगतो.
नोंदवहीत मॅडमनी वेळ लिहिली
आणि पुढच्या रकान्यात काही लिहायचं होतं
ते न लिहिता हिटर बंद केला.
तारीख अजून बाकी होती.

आता एकोणीस उरले आहेत. सुट्टी लागली.
चावी माझ्याकडे.
रेघा जवळजवळ सरळ झाल्यात,
भरती विसरत चाललेत म्हणे,
इथे आठवण करून द्यायला कोणी नाही.

म्हणून मी कोष्टक घरी आणलं.
काल भरती होती दोन चाळीसला.
गल्ली मिटलेली.
मी उठलो, गोणपाट बाजूला केलं, दार उघडलं.
आतून बायको ओरडली,
ऊन यी राह्यनं ना!

येऊ दे म्हटलं, थोडं.
सायकल काढली.