हिरवी शाई

माझ्याकडे सदतीस आहेत.
बहुतेक मंत्र्यांची पत्रं, एक राज्यपालांचं,
दोन पडलेल्या उमेदवारांची, ती स्वस्तात मिळतात.
'य'ची शेपटी, 'र'चा फाटा ओळखतो मी;
कुठली सही साहेबांची, कुठली पी.ए.नं ठोकलेली,
उजेडाला धरून सांगतो.

पिपरटोल्याला मोहुर्ल्यांकडे एक आहे, कळलं.
एकाहत्तर सालचं. बांधकाम खातं. हिरवी शाई.
गाडी नाल्याच्या अलीकडे पळसाखाली लावली,
बूट हातात घेतले.

कौशल्याबाईंनी धानाच्या ढोलीमागून
खताच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला.
घडीवर फाटलेला, मागून पेजेनं चिकटवलेला.
'आपले पत्र पावले. पुलाचे काम
चालू वर्षी हाती घेण्यात येईल.'
खाली ती. अस्सल.
शेवटच्या रेघेला निब कागदात रुतलेलं.

दोन हजार म्हणालो. मग तीन.
"सई पाह्यजे तं कातरून न्या," बाई म्हणाल्या,
"नाही तं फोटो काढा.
कागद नाही देत जी.
सोमवारी नवे साहेब येऊन रायले,
त्याईले दाखवा लागते."

कात्री खिळ्यालाच होती.
मी तिच्याकडे बघितलं. खरं सांगतो, बघितलं.

कोरा चहा पिऊन निघालो.
वर कुठेतरी पडला असावा,
पाणी मांडीला लागत होतं.
पुढे बाईंचा नातू, माझे बूट डोक्यावर घेऊन,
"इथं गोटा हाये,
इथं नाही,
इथं हाये," म्हणत.