नऊ चौकोन

त्या रविवारी एलुनेडबाईंनी प्रवचन दिलंच नाही.
एकेकाला कागद दिला, वर नऊ चौकोन आखलेले.
मधल्यात तुमचं घर, म्हणाल्या,
भोवतीच्या आठांत शेजाऱ्यांची नावं लिहा.
बाहेर पाटीच्या दगडाचा डोंगर, त्यावर वेल्सचं ते चिवट धुकं.
चॅपलमध्ये आम्ही अकरा जण,
आणि एक हीटर, तोही खोकणारा.

मी दोन चौकोन भरले.
त्यातलं एक नाव कुत्र्याचं होतं.

एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली मी.
रोज चारशे ताटांत पळी उपडी केली,
कुणाला वाटाणे चालत नाहीत ते तोंडपाठ.
आणि ज्या भिंतीला माझी उशी टेकते
तिच्यापलीकडे कोण कूस बदलतं,
ठाऊक नव्हतं.

इद्वाल म्हणाला, पत्रकं वाटतोच की आपण, दर नाताळला.
एलुनेडबाई म्हणाल्या, पत्रकावर बसता येत नाही, इद्वाल.

मग मी सात नंबरच्या केल्विनला चहाला बोलावलं.
टेबलक्लॉथला इस्त्री केली,
आईचे सोनेरी काठाचे कप काढले,
केक तीन प्रकारचे.
तो खुर्चीच्या कडेवर बसला,
कप असा धरला, जणू फुटला तर दंड होईल.
निघताना दारात थांबून विचारलं त्यानं,
आता रविवारी यावं लागेल का?
नाही म्हणायला
मला जरा उशीर झाला.

फेब्रुवारीच्या वादळात वीज गेली ती गेलीच.
दुसऱ्या रात्री काडेपेटी संपली,
तेव्हा चपलांवरच मी भिंतीपलीकडचं दार वाजवलं.
मेणबत्ती धरून एक बाई. इखलास.
सुदानहून आलेली, तीन वर्षं झाली इथे. तीन!
खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, त्यावर झोपलेलं मांजर.
तिनं मांजर उचललं, मोजे बाजूला सारले,
पसाऱ्याबद्दल माफीबिफी काही मागितली नाही,
नुसती जागा केली.
छोट्या गॅसवर आलं घातलेली काळी कॉफी,
घोटभरच, पण कढत.
म्हणाली, तुम्ही रात्री खोकता.
मंगळवारी जास्त होता.

मी काडेपेटी मागायला गेले होते.
ती न घेताच परत आले,
हे मला बिछान्यात पडल्यावर आठवलं.

आता गुरुवारी मी मोठं पातेलं चढवते,
काउल करते, मटण आणि लीकचं,
एक लहान पातेलं बिनमटणाचं, तिच्यासाठी.
टेबलक्लॉथ कपाटात आहे, असू दे.
दार अर्धं उघडं. येणारा येतो, पाय पुसतो, नाहीतर पुसत नाही.
इखलासकडून माझं पातेलं परत येतं
तेव्हा तळाशी दोन कांदे असतात, नाहीतर मूठभर खजूर.
रिकामं भांडं परत करू नये, तिची आई म्हणायची.
माझीही म्हणायची, मीच विसरले होते.
रमजानात तिचा डबा खिडकीत थांबतो
सूर्य डोंगराआड जाईपर्यंत,
आणि मीही चमचा उचलत नाही तोवर. का, ते सांगता येणार नाही.

चॅपलमध्ये अजून अकराच.
इद्वाल वहीत आकडा मांडतो, सुस्कारा सोडतो.
गेल्या महिन्यात केल्विन आला होता,
रविवारी नाही, सोमवारी,
पाना आणि जुनी चड्डी घालून.
हीटरचा खोकला काढून गेला.
पैसे घेतले नाहीत. केक नेला, दोन तुकडे.

एक चौकोन अजून कोरा आहे.
बारा नंबर. पडदे कायम ओढलेले.
रात्री दोनच्या सुमारास तिथला दिवा लागतो,
मलाही त्याच वेळी जाग येते.
काल मी उठून माझाही लावला.
पाणी प्यायले,
आणि मुद्दाम थोडा वेळ
तसाच राहू दिला.