मूठ

माझ्या खिशातला चाकू मिटतो.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं असतात.
हा मोडत नाही, वाकत नाही,
ऐन वेळी नुसता मिटतो
आणि मध्ये माझं बोट असतं.

मला न मिटणारी सुरी हवी आहे.

फार लांब नको, तळहाताएवढं पातं पुरे.
पोलाद साधं, गंजणारं असलं तरी चालेल,
पुसेन, तेल लावेन.
गंजणाऱ्या गोष्टींची सवय आहे मला:
गाडीचं दार, अंगणातला पंप, गुडघे.
पाईक मासा चिरता यावा,
बर्चची साल सोलता यावी,
अळंबीचं देठ मातीला न दुखवता कापता यावं,
हातमोजा न काढता धरता यावी.
आणि किंमत
महिनाअखेरीलाही तोंडाने म्हणता येईल अशी.

वडिलांची होती एक.
तौनो ओउलूला घेऊन गेला.
थोरला तो, म्हणून कुणी विचारलंच नाही,
मीही नाही.
काचेच्या कपाटात ठेवलीय.
नाताळात गेले होते तेव्हा
त्याने तिनेच विम्याचं पाकीट फोडलं.
मी केकचा अजून एक तुकडा घेतला.

कुह्मोत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात,
हिल्काच्या हार्डवेअरच्या दुकानातही.
खिडकीत ती असते:
रेनडिअरच्या शिंगाची मूठ, म्यानावर नक्षी,
एकशे चाळीस युरो.
दवाखान्यातल्या फरशांवरचा
लोकांच्या बुटांचा वितळलेला बर्फ पुसून
मला जे मिळतं, त्यातून
वीज गेली, हिवाळ्याचे टायर गेले, की
उरतं त्याला आम्ही कॉफी म्हणतो.

दाराजवळच्या बादलीत लाल प्लास्टिकच्या मुठीच्या,
तेरा युरो.
वाईट नाहीत. रंगारी, सुतार, वायरमन, सगळे वापरतात.
एक घेतली, ठेवली.
पुन्हा घेतली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण एकोणपन्नास वर्षं
पाय पोटाशी घेऊनच झोपलेय मी.
ठेवली.

हिल्काने चष्म्यावरून पाहिलं.
मग खाली वाकून एक खण ओढला.
त्यात बिजागऱ्या असतील
असं मी इतकी वर्षं समजत होते.
तेलकट कागदात पाती.
नुसती पाती, ना मूठ ना म्यान,
मागे एक उघडं शेपूट, उंदराचं असावं तसं.
‘एकोणीस,’ ती म्हणाली, ‘बाकीचं तुझं तू कर.’
‘पगार पंधराला होतो.’
तिने कानामागची पेन्सिल काढली,
कागदावर लिहिलं: इर्या.
खण लावला.

सौनामागचा बर्च गेल्या वर्षी वादळात पडला.
त्याची एक गाठ मी चुलीवर वाळत टाकली होती,
का, ते तेव्हा माहीत नव्हतं.
चार रात्री तासतेय.
याच मिटणाऱ्या चाकूने.
दोनदा मिटला, एक पट्टी लागली.
आपल्या जागी येणारीचं घर
आपणच बांधतोय,
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

दुकानातल्या मुठी कुणाच्याही हातासाठी असतात.
हिच्यात एक खळगा आहे,
फरशी पुसायच्या दांड्याने
माझ्या तळव्यावर जिथे घट्टा पडलाय
नेमका तिथे.
डोळे मिटून धरली तरी बसते.
तौनोच्या हातात बसणार नाही.
(हे मुद्दाम केलेलं नाही.
थोडंसं केलंय.)

आज अकरा तारीख.
मूठ खिडकीत जवसाचं तेल पितेय.
मधोमध शेपटीसाठी भोक पाडलंय,
त्यातून बाहेर पाहिलं:
थोडा बर्फ, वैनोचा कुत्रा, पाव भाग तळं.

तौनोचा फोन आला,
काय करतेस म्हणाला.
काही नाही, म्हटलं,
भोक जरा मोठं झालंय का
ते बघतेय.