खालचा दोरा

शाल्मली म्हणाली, मला माझी खोली हवी.
कारेलीबागेतल्या दोन खोल्यांच्या घरात
तिसरी कुठून आणायची?
म्हटलं, पडदा शिवते.

टेप तिनंच धरला.
खिडकी कुणाच्या वाट्याला, पंखा कुणाच्या,
भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली
आणि रेघेच्या वर लिहिलं:
यदूनं विचारल्याशिवाय यायचं नाही.
यदू सहा वर्षांचा. त्याला अजून
'विचारल्याशिवाय' सलग वाचता येत नाही.

मंगळबाजारात कटपिसाच्या गाडीवर
दहा मिनिटांत उरकलं तिनं:
गडद निळं, साधं. नक्षी नको, झालर नको,
लेस तर नकोच, मम्मी, प्लीज.
गाडीवाला म्हणाला, बेन, आमां स्टारवाळुं पण छे.
तिनं त्याच्याकडे असं पाहिलं
की त्यानं मुकाट्यानं साडेतीन मीटर फाडलं.

यदूसाठी पिवळं.
तो बरोबर नव्हता, तापानं पडला होता.
पिवळं माझं मीच ठरवलं.

रात्री, हे रिफायनरीत पाळीवर,
दोन्ही कापडं पाठीला पाठ लावून शिवली,
वर कड्या ठोकल्या,
खाली चार बोटं दुमड ठेवली,
पहिल्या धुण्यात कापड आटतंच.

सकाळी ताप उतरला आणि यदू म्हणाला,
माझ्या बाजूला मगर कुठाय?

आता, मगर आधी लावायची असते,
मागचं कापड नंतर. कुणीही शिंपीण सांगेल.
पण रोज विश्वामित्रीच्या पुलावरून शाळेत जाणाऱ्या पोराला
हे कोण सांगणार?
रिक्षा पुलावर आली की तो मान बाहेर काढून मोजतो:
आज दोन. आज एक.
आज नुसतं लाकूड.

जुन्या परकराचं हिरवं कापलं.
पाठीवर झिगझॅग लेस, दात पांढऱ्या फितीचे,
शेपूट जरा आखूड, कापड तिथंच संपलं.
आणि दोन्ही पदरांतून आरपार मशीन चालवलं.
वर हिरवा दोरा.
खाली बॉबिनमध्ये पांढराच राहून गेला होता.

संध्याकाळी पडदा टांगला.
शाल्मली तिच्या बाजूला गप्प.
मी वाकून बघितलं, तर
तिच्या त्या नक्षी-नको निळ्यावर
एक अख्खी मगर, नुसत्या टाक्यांची,
पोटात काही नाही, अंगाला रंग नाही,
उलट्या दिशेला निघालेली.

उसवते, म्हटलं. उद्या हातानं लावते,
तुला दिसणार नाही.
कात्री घेऊन बसलेसुद्धा.
ती म्हणाली, जेवायला काय आहे?
यातून काय समजायचं ते मला समजलं नाही,
पण कात्री डब्यात ठेवली.

मग तीन-चार रात्री
दिवा मालवल्यावर पडद्याच्या दोन्हीकडून बोलणं.
तुझी कुठे चाललीय?
काळाघोड्याला. तुझी?
माझी सांगणार नाही.
सांग ना.
झोप, यदू.

शनिवारी बटणांचा डबा उघडा सापडला.
माझ्या रिसेप्शनच्या ब्लाउजचं
एकच उरलेलं मोत्याचं बटण त्यात नव्हतं.
ते तिच्या मगरीला होतं, डोळ्याच्या जागी,
आठ-दहा वेळा सुई खुपसून घट्ट केलेलं,
एक धागा लोंबत.
मी काही बोलले नाही.
मीही विचारल्याशिवायच आत आले होते.

पलीकडे गेले.
यदूच्या मगरीला डोळा लावायचा
मी साफ विसरले होते.
आता बरोब्बर तिथे निळ्या दोऱ्याची गाठ होती,
मसुराएवढी, फुगलेली, वाकडी,
आणि शेजारच्या ध्रुविलला
तिच्यावर बोट ठेवून यदू सांगत होता,
ही कधी झोपत नाही.