सात आणि आठच्या मधे

गॅरेजचं दार अर्ध्यावर ठेवलंय.
चार जुलैला मका गुडघ्याएवढा हवा, असं इथे नेब्रास्कात म्हणतात.
यंदा कमरेला लागलाय.
एल्डन असता तर रोज जाऊन मोजून आला असता.

प्लायवूडच्या फळीवर आठ खोकी.
नावं अशी, की विकणाराही हसला:
'भडकलेली बदकं', 'सिनेटरची सासू',
आणि शेवटी, एकट्याचे चाळीस डॉलर, 'महाप्रलय'.
प्रत्येकाला एक हिरवी वात, उंदराच्या शेपटीएवढी.
या आठ शेपट्या एका लांब वातीला बांधायच्या,
म्हणजे एकदाच पेटवायचं
आणि मागे व्हायचं.
हे त्याचं काम. माझं बटाट्याचं सॅलड.

वही बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेली,
अक्षर कोंबडीच्या पायांचं.
'एक फूट, तीस सेकंद. दर वर्षी तुकडा जाळून बघणे.
मागच्या वर्षीवर विसंबू नये.'
जाळून बघितला,
अंडी उकडायचं घड्याळ हातात धरून.
एकतीस.

एक ते दोन, बोटभर.
दोन ते तीन, बोटभर.
असंच खाली खाली.
सात ते आठ, साडेचार इंच.
शेजारी कारण नाही. नुसती दुहेरी रेघ.

ती जागा मला पाठ होती.
सातवं विझलं की गच्च काळोख,
मुलं ओरडायची, संपलं?
डोरीन टाळ्या पिटायची, भलत्या वेळी.
आणि मी म्हणायचे, कुचेरा, विझली बघ तुझी वात.
बावीस वर्षं हेच म्हणाले.
तो काही बोलायचा नाही.
त्याच्या शर्टाला गंधकाचा वास यायचा.

मी साडेचार इंच कापले.
वळसा देऊन टेपने चिकटवले,
वरून फॉइल, कारण ठिणगी आगाऊ असते.

रात्री पुतण्या ट्रेंट पाण्याचा पाइप धरून उभा.
मी वाकले, पेटवलं,
आणि तुटक्या मेपलच्या बुंध्यापाशी जाऊन थांबले.
तो तिथेच थांबायचा.
बदकं खरंच भडकली.
सासू बोलायची थांबेना.
चार, पाच. सहाव्याने जरा दगा दिला,
फुसकं निघालं.
सात.

मग काळोख.
चरातले बेडूक पुन्हा सुरू झाले.
संपलं? कुणाचं तरी पोर.

आणि माझे पाय चालू लागले.
मी सांगितलं नव्हतं त्यांना.
बुंध्यापासून वर, अंगणाच्या त्या टोकाला,
जिथे दोन घडीच्या खुर्च्या,
एकीवर माझा स्वेटर,
दुसरी सवयीने उघडलेली.
मी मोजत होते. चार. पाच.
त्याच्या लांब ढांगा.
सहा. सात.
अगं बाई,
एवढंच होतं होय ते.
एवढ्यासाठी वात.

पण माझा गुडघा.
अकराला मी अर्ध्या वाटेत,
गवतात, पाठीमागे महाप्रलय सुटलेला.
तो मी पाहिलाच नाही.
पाहिल्या दोन खुर्च्या,
हिरव्या, लाल, मग पिठासारख्या पांढऱ्या,
आणि माझी सावली, माझ्याआधी जाऊन
त्यांच्यात बसलेली.

सकाळी ट्रेंट भिजका पुठ्ठा वेचतोय.
मी वही काढते.
डोरीन कुंपणावरून म्हणते,
खुर्च्याच पुढे घे की, सोपं पडेल.
नको.
खुर्च्या आहेत तिथेच राहतील.
दुहेरी रेघेखाली लिहिते:
'गुडघा. आणखी साडेचार इंच.'