कोल्ड रूम नंबर चार

सोहारमध्ये लसूण लावायचा तर
आधी त्याला थंडी वाजवावी लागते.
पहिल्या वर्षी हे मला कुणी सांगितलं नाही.

पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत,
मध्ये अडीच वीत जागा. तिथे वाफा केला.
वाळू, शेळीच्या लेंड्या,
थंकप्पनने महिनाभर राखलेला चहाचा चोथा.
विहिरीचं पाणी मचूळ,
म्हणून एसीच्या नळीखाली तेलाचा रिकामा डबा ठेवला.
ते पाणी नदीचं नाही, आभाळाचं नाही,
सहा माणसांच्या झोपेचं पाणी.

कोल्ड स्टोरेजमध्ये मी दिवसभर चीनचा लसूण मोजतो.
दहा-दहा किलोच्या जाळ्या, पांढऱ्याशुभ्र.
त्यातले दोन गड्डे आणून फोडून लावले होते.
महिनाभर पडून राहिल्या कुड्या मातीत
बूट न काढता बसलेल्या पाहुण्यांसारख्या.
‘न उगवण्याचं औषध पाजतात त्यांना,’ थंकप्पन म्हणाला.

मग फोर्कलिफ्टवाल्या खल्फानने
आईकडून एक गड्डा आणला:
मळका, जांभळट, वेडावाकडा.
आई जबल अख्दरची, लग्न होऊन खाली समुद्राशी आलेली.
दर वर्षी भावाकडून मागवते.
खाली धरत नाही, म्हणते.

शेंडा वर, बूड खाली, बोटाचं एक पेर खोल.
आठव्या दिवशी पात.
‘तोंड नको तुझं, मोबाईल खाली धर,’ कुंदा म्हणाली.
जुन्नरची पोर, लसणाच्या बाबतीत फसत नाही.
‘हिरवा आहे रे, पण मान बारीक आहे.’

मार्चमध्ये उपटला.
प्रत्येक पातीखाली एकच गोळा,
गुळगुळीत, गोटीएवढा.
लावली एक कुडी, आली एक कुडी.
मुद्दल परत, व्याज नाही.
कुंदा हसली, मग हसायची थांबली.
‘थंडी लागली नाही त्याला.
थंडी नसली की फुटत नाही तो,
एकटाच फुगत बसतो.’
मागून ऋजुता: ‘बाबासारखा.’

पुढच्या ऑगस्टात बाहेर सेहेचाळीस,
आणि मी जेवणाच्या डब्यात
डोंगरातल्या बावीस कुड्या भरून
चार नंबरच्या खोलीत, लोण्याच्या खोक्यांमागे ठेवल्या.
वर मार्करने लिहिलं: जेवण आहे, हात लावू नये.
मराठीत. म्हणजे वाचणारं कुणी नव्हतंच.

चाळीस दिवस.
जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून आत जायचो
आणि डबा कानाशी धरायचो.
काय ऐकू येणार होतं?

एकोणतिसाव्या दिवशी इन्स्पेक्टरने तो उघडला.
खल्फान घाईघाईने अरबीत खूप काही बोलला,
मला एकच शब्द कळला: शिता. हिवाळा.
इन्स्पेक्टरने एक कुडी उचलली, पाहिली,
परत ठेवली
आणि झाकण नीट दाबून लावलं.

या मार्चला मी आधी डोळ्यांनी पाहिलंच नाही.
मातीसकट गड्डा मुठीत धरून
सालीवरून अंगठा फिरवला:
उंचवटा, खाच,
उंचवटा, खाच.

एक खल्फानच्या आईला पाठवला.
तिने हुंगला म्हणे. वरचा ना?
तो म्हणाला, खालचा, सोहारचा.
‘खोटं बोलतोस,’ म्हणाली,
आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

रात्री कुंदाने विचारलं, ‘किती?’
‘नऊ. एकाला अकरा.’
थंकप्पन फोडणी टाकत होता, सहाही जण
दारापर्यंत आले होते वासाने.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
फक्त तिकडचा पंखा.
मग ती म्हणाली,
‘बियाणं ठेवशील ना थोडं?’

मी फोन टाकीवर टेकवला
आणि तो रिकामा डबा घासायला घेतला.