हस्तांतर

नीवेस कोशुताने राजीनामा दिला त्या दिवशी
त्रिएस्तमध्ये बोरा सुटला होता,
डोंगरावरून समुद्राकडे धावणारा, उलट्या काळजाचा वारा.
माणसं दिव्याच्या खांबांना बिलगून रस्ता ओलांडत होती.
ती वेळेवर आली. केसांतली एक पिन तेवढी सुटलेली.

पत्र दोन ओळींचं.
पहिलीत तारीख, दुसरीत आभार.
मिलानच्या नव्या मालकांनी ते उलटून पाहिलं,
मागे काही लिहिलंय का म्हणून.

मागे काय होतं ते मला ठाऊक होतं.
मार्चमधली ती बैठक मीच टिपून घेतलेली:
जुन्या नावाच्या डब्यात स्वस्तातला रोबस्टा,
आणि तिचा एकच शब्द, "नको".
इतिवृत्तात त्याचं "सविस्तर चर्चा झाली" असं झालं.
ते मी केलं.
कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

निरोपाच्या दिवशी सगळे कान टवकारून बसले,
आता तरी बोलेल.
"केक बरा आहे," ती म्हणाली, "कोरडा नाही."
मग भट्टीकडे गेली, एकेकाला नावाने हाक मारत,
आणि किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या,
अजून कोमट होत्या.

खुर्ची मला मिळाली. तिच्या उंचीवरच होती,
माझे गुडघे टेबलाला लागायचे.
खणात चौकटींची शाळकरी वही.
वर लिहिलेलं: वाल्तेरसाठी.

तिसऱ्या ड्रमचा काटा चार अंशांनी खोटं बोलतो.
नाकाचं ऐक.
लिव्हिओला गुरुवारी सकाळपाळी देऊ नकोस,
मुलीला डायलिसिसला नेतो. तो आपणहून सांगायचा नाही.
बंदरावरच्या कारकुनाला चहा विचार.
कॉफी त्याला सोसत नाही, तीस वर्षं लपवतोय बिचारा.
पावत्यांच्या कपाटाला खालून लाथ लागते. हलकी.

अशी चाळीस पानं.
गाऱ्हाणं शोधत मी रात्री अकरापर्यंत वाचत राहिलो.
शेवटच्या पानावर, त्याच निळ्या शाईत,
कपाटाच्या लाथेइतक्याच सहजपणे:
इतिवृत्त नीट लिहीत जा.

सोमवारी बैठक झाली.
मालक आकडे दाखवत होते, खिडक्या थडथडत होत्या,
आणि प्रयोगशाळेतली इलारिया,
चव घेतलेला चमचा हातातच धरून,
म्हणाली, "नको."
सगळे माझ्या पेनाकडे बघायला लागले, की मलाच वाटलं तसं?

लिहिलं.
दोन अक्षरं.
फारशी जागा लागत नाही त्याला.